सरांच्या टेपवरची भुणभुण

तीन पिनांच्या प्लगची जाड पिन पक्कडीत धरून पिळणारा माणूस दिसला की माझं डोकं आजही फिरतं. आमच्या शहरात हे सर्रास चालायचं. भिंतीत दोन भोकांचं सॉकेट, नवीन आणलेल्या इस्त्रीला तीन पिना. मग काय, मोड तिसरी. वर पुन्हा "काही होत नाही हो, ती शोभेलाच असते" असं सांगायचं. ती शोभेला नसते. ती जमिनीत जाणारी वाट असते. यंत्रात कुठं वीज फुटली तर ती त्या वाटेनं जमिनीत जावी, माणसाच्या अंगातून नव्हे, म्हणून तिला अर्थिंग म्हणतात. माझ्या धंद्यात तर तिचं आणखी एक काम होतं. ट्यूबलाइट, पंखे, मोटारी यांची जी विजेची घाण हवेत भटकत असते, ती गोळा करून मुकाट्यानं जमिनीत नेऊन सोडायची. नाही सोडली तर ती माइकमध्ये शिरते आणि टेपवर बसते. कानाशी डास घोंगावावा तशी भुणभुण ऐकू येत राहते.

माझा धंदा रेकॉर्डिंगचा. आता सगळं मोबाइलवर होतं, पण मी सांगतोय ते स्पूल टेपच्या काळातलं. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर माझी एक खोली होती. भिंतींना आतून जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी विटा लावून बुजवलेली. भजनी मंडळं यायची, कव्वालीच्या पार्ट्या यायच्या, निवडणूक लागली की रिक्षावरून फिरवायच्या घोषणा बोलायला कार्यकर्ते घसा खाकरत यायचे. खोलीत एक टेपचं मशीन, एक छोटा मिक्सर आणि एक कंडेन्सर माइक. मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून मी तो जुनाच उचलला होता, पण माणसाचा आवाज असा पकडायचा की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. कंडेन्सर माइक हे नाजूक प्रकरण आहे. आत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती असते आणि तिच्यातून निघणारी वीज इतकी क्षीण असते की शेजारच्या तारेचीही तिला बाधा होते. म्हणून तिच्याभोवती धातूची जाळी असते, बाहेरची घाण आत येऊ न देणारी.

त्या जाळीला कोणी बोट लावलं की मी अंगावर जायचो. तशी पाटीच लावली होती भिंतीवर. एका नावाजलेल्या बुवांनी गाता गाता तिच्यावर प्रेमानं हात ठेवला तर मी टेप थांबवून त्यांना जिन्याखाली पाठवलं होतं. माझा दुसरा नियम असा की खराब टेक ठेवायचा नाही. सूर हलला, खोकला आला, बाहेर हॉर्न वाजला, तर टेप मागे घ्यायची आणि त्याच्यावरच पुन्हा रेकॉर्ड करायचं. वाईट काम माझ्या कपाटात पडून राहिलेलं मला सहन व्हायचं नाही. लोक म्हणायचे, तापट आहे पण काम चोख करतो. मला त्या वाक्यातलं तापटसुद्धा कौतुकाचंच वाटायचं.

त्या वर्षी होळीच्या आधी सर जिना चढून आले. हे माझे शाळेतले सर, मराठी शिकवायचे. छावणीत राहणारं मुसलमान घर, घरात दखनी बोलणार, पण वर्गात त्यांच्यासमोर एक अनुस्वार चुकवायची आमच्यातल्या कोणाची टाप नव्हती. गळ्याला मफलर गुंडाळलेला, आणि ऊन तर असं की डांबर वितळावं. आवाज किंचित घोगरा झाला होता.

"घशात गाठ निघालीय," खुर्चीत बसत त्यांनी सांगितलं, जणू सायकल पंक्चर झाल्याचं सांगताहेत. "मुंबईला दाखवलं. स्वरयंत्रच काढावं लागणार म्हणतात. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिलीय. त्याच्या आत मला चौदा चिठ्ठ्या वाचून ठेवायच्यात."

मग त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेला गठ्ठा काढला. लग्नानंतर लगेच त्यांना कन्नडच्या पलीकडे घाटातल्या एका खेड्यावर नेमणूक मिळाली होती. चाची, म्हणजे त्यांची बायको, छावणीत सासू-सासऱ्यांजवळ. एसटी वेळेवर येईल याचा भरवसा नाही, त्यामुळं सगळा संसार टपालानं चालला. सात चिठ्ठ्या त्यांच्या, सात तिच्या. तेवढ्याच उरल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी साखरेच्या आजारात चाचीचे डोळे गेले. तेव्हापासून दर रविवारी चहा झाला की सर तिला त्यांतली एक वाचून दाखवायचे.

"महिन्याभरानं मला बोलता येणार नाही आणि तिला दिसत नाही," सर म्हणाले. "सांग, एका घरात राहून आम्ही एकमेकांशी करणार काय? निदान या चिठ्ठ्या तरी तिच्याजवळ राहतील."

मी म्हटलं, मुलगा वाचून दाखवेल की. सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं निबंधात भलतंच लिहिल्यावर बघायचे.

"बापानं आईला लिहिलेलं मुलानं वाचायचं? तिनं ते ऐकायचं? नाही बाबा. दुसऱ्या कोणाच्या तोंडून नाही. तिनंच सांगितलंय." निघताना दारात थांबून ते म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, आवाज जपून वापरा. दोन बैठकांत उरकू."

दोन बैठका! मी त्यांना तेरा दिवस जिना चढायला लावला.

पहिल्याच चिठ्ठीला भुणभुण आली. तशी ती मला दिवाळीपासून अधूनमधून जाणवत होती, पण टाळ-मृदंग, पेटी, चार जणांचा कोरस यांत ती कोणाला ऐकू येणार? इथं मात्र एक म्हातारा माणूस हळू आवाजात वाचत होता, मध्येच थांबत होता, आणि प्रत्येक थांबण्यात ती शिरत होती. मी हेडफोन काढून आपटला. "थांबा सर. पुन्हा घेऊ."

त्या दिवशी ट्यूबलाइट काढली, पंख्याचा नवा रेग्युलेटर काढला, आणि बिनपंख्याच्या खोलीत साठ वर्षांच्या आजारी माणसाला घाम गाळत बसवलं. भुणभुण थोडी उतरली, गेली नाही. सरांनी तीच चिठ्ठी चार वेळा वाचली. चारही वेळा मी टेप मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी माझा मोर्चा खालच्या टेलरकडं वळला. दिवाळीनंतरच त्यानं खाली दुकान टाकलं होतं, तीन मशिनी, तिन्हींना मोटारी. वेळ तर बरोबर जुळत होती. मी खाली जाऊन त्याला नाही नाही ते बोललो. लग्नसराई तोंडावर आली होती तरी तो भला माणूस सकाळी दहा ते बारा या वेळात मशिनी बंद ठेवायला तयार झाला. मशिनी बंद झाल्या, भुणभुण कमी झाली, पण होतीच. मी पुन्हा खाली गेलो आणि तू चोरून चालवतोस म्हणून आरडाओरडा केला. तो रिकाम्या दुकानात वारा घेत बसला होता.

"भाई, मशिनां बंद, पंखा बंद, बत्ती बंद," तो म्हणाला. "अब मेरी सांस की आवाज आरी क्या तुम्हारे माइक में?"

मी तेव्हा हसलो नाही. आता हसू येतं आणि पाठोपाठ लाजही वाटते.

मग वायरमन. आमच्या इमारतीची वायरिंग त्यानंच केली होती. मी त्याला बोलावून अर्थिंगबद्दल विचारलं तर म्हणाला, "साहेब, अर्थिंग एकदम टकाटक हाय. बल्ब लावून दावतो." लावला, आणि लागला की! तो निघून गेल्यावर मी बोर्ड उघडला आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. अर्थिंगची तार जमिनीत गेलीच नव्हती. पठ्ठ्यानं ती तिथल्या तिथं न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, पिळून ठेवली होती. बल्ब लागणारच! एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटला असता तर सगळ्या बिऱ्हाडांच्या फ्रीज, इस्त्र्या, कुलरच्या अंगात वीज उतरली असती. मी सायकल काढून त्याला गाठलं, भर रस्त्यात त्याची गचांडी धरली.

"सगळेच असं करतेत," गचांडी सोडवत तो म्हणाला. "तुमाला एकट्यालाच लई कळतंय व्हय?"

हो, मला एकट्यालाच कळत होतं. त्या महिन्यात माझी तीच तर पंचाईत झाली. मी जिथं हात घालेन तिथं कोणाची तरी खरीखुरी चूक सापडायची. वायरमन चोर निघाला, रेग्युलेटर भिकार निघाला, बाजारातून आणलेल्या तयार केबलमध्ये जाळीदार तारेच्या जागी केसासारख्या चार तारा निघाल्या. प्रत्येक वेळी मी बरोबर ठरायचो, प्रत्येक वेळी राग आणखी चढायचा, आणि रागावलेल्या माणसाला आपलाही हात तपासावा असं वाटत नाही.

इमारतीच्या मागं मी स्वतः खड्डा खणला. कमरेइतका. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, आणि मग पाणी, कारण खड्डा ओला नसेल तर अर्थिंग नावालाच. आणि पाणी आणायचं कुठून? नळ एक दिवसाआड, तोही अर्धा तास. मी घरातले प्यायच्या पाण्याचे दोन हंडे नेऊन त्या खड्ड्यात ओतले. बायको दारात उभी राहून बघत होती.

"लेकरं तहानलेली ठेवून मातीला पाजताय," ती म्हणाली. "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

माझ्या तोंडून तिलाही वाईट शब्द गेला. त्या दिवसांत माझ्या तोंडून दुसरं काही जातच नव्हतं.

आणि सर रोज दहाला यायचे. रिक्षातून उतरायचे, कठड्याला धरून चढायचे, गठ्ठा सोडायचे. मी म्हणायचो, वाचा. ते वाचायचे. मी म्हणायचो, थांबा, पुन्हा. त्यांचा आवाज रोज थोडा थोडा फाटत चालला होता. पहिल्या दिवशी घोगरा होता, आठव्या दिवशी त्यात हवा शिरली, दहाव्या दिवशी वाक्याचं शेपूट ऐकू येईना. मला ते कळत नव्हतं असं नाही. मला सगळं कळत होतं, कानाचाच तर माझा धंदा. पण त्यामुळं मी थांबलो नाही. मला भुणभुणीचा जास्तच राग आला, की ही हलकट या माणसाचा आवाज खाते आहे. ती नव्हे, मी खात होतो.

एकदा ते म्हणाले होते, "राहू दे रे. ऐकू तर येतंय ना मी काय वाचतोय ते?"

मी म्हटलं, "सर, एका अनुस्वारासाठी तुम्ही माझी वही खिडकीतून फेकली होती."

त्यावर ते मनापासून हसले, हसता हसता खोकले, आणि पाण्याचा घोट घेऊन त्यांनी तीच चिठ्ठी पहिल्यापासून वाचायला घेतली. त्या वाक्यासाठी मी स्वतःला कधी माफ केलं नाही. हातात छडी द्यावी तसा त्यांचाच नियम मी त्यांच्यावर उगारला होता.

माइक मी तपासला नव्हता असं नाही. आमच्यात एक साधी परीक्षा असते. भुणभुण चालू असताना माइकच्या नळकांड्यावर, म्हणजे जिथं तो हातात धरतात तिथं, हात ठेवायचा. आवाज बदलला तर बिघाड माइकमध्ये. नाही बदलला तर माइक निर्दोष. मी नळकांड्यावर हात ठेवला. काही बदललं नाही. माइक निर्दोष, असं मी वहीत लिहूनही ठेवलं.

बाराव्या दिवसापर्यंत माझ्या मते पास झालेल्या फक्त तीन चिठ्ठ्या होत्या. एका शुक्रवारी दुपारी खालचा टेलर नमाजला गेला होता, गल्लीतली दुकानं बंद होती, तेव्हा सरांना थांबवून घेतलेल्या, भुणभुण जेमतेम ऐकू येईल अशा. बाकीच्या अकरा चिठ्ठ्या सरांनी वाचल्या नव्हत्या का? वाचल्या होत्या. कुठली तीनदा, कुठली पाचदा, सगळ्या शेवटपर्यंत. मी त्या पुसल्या होत्या.

तेराव्या दिवशी सरांबरोबर चाची आली. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीनं त्यांना मुंबईला निघायचं होतं. सरांच्या खांद्यावर हात ठेवून ती एक एक पायरी चाचपडत चढली. बुटकी, गोरी, पांढऱ्या ओढणीतली बाई. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"किसमें बोलते रोज तुम?" तिनं सरांना विचारलं. "बताव तो सही मेरेकू."

सरांनी तिचा हात धरून माइककडं नेला. मी हेडफोन लावून मिक्सरसमोर बसलो होतो, कानात ती भुणभुण चालू होती. जाळीला हात लावू नका, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले. तिनं ओंजळीत लेकराचं तोंड धरावं तसा माइक धरला, वरची जाळी आणि खालचं नळकांडं दोन्ही एकदम हातात. आणि भुणभुण थांबली.

मला वाटलं वीज गेली. मशीनकडं बघितलं, टेप फिरत होती, काटा हलत होता. तिनं हात काढला, भुणभुण सुरू झाली. मी ओरडलो, "चाची, पुन्हा धरा!" तिनं दचकून धरला. पुन्हा शांत.

कोणालाही समजेल असं ते होतं. जाळी आणि नळकांडं यांचा आतून एकमेकांशी संबंध तुटला होता. नळकांडं अर्थिंगला जोडलेलं, म्हणून माझ्या परीक्षेत पास झालं. जाळी मात्र अधांतरी होती, आणि अधांतरी जाळी घाण अडवत नाही, गोळा करून आत देते. चाचीच्या हातानं दोन्ही जोडले गेले तेवढ्यापुरती ती कामाला लागली. तेरा दिवसांत जाळीला कोणाचा हात लागला नव्हता, कारण भिंतीवर माझी पाटी होती.

मी जाळीची रिंग फिरवून काढली. आट्यांमध्ये काळा ऑइलपेंट होता. जाड, गुळगुळीत, व्यवस्थित दोन हात दिलेला. रंग म्हणजे विजेला भिंत. आणि तो रंग मीच दिला होता.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. सुतार करवत पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, मी माइक पुजायचो. पूजेआधी हत्यार लखलखीत करायचं ही रीत. त्या वर्षी जाळीच्या रिंगेवर गंजाचे दोन ठिपके दिसले म्हणून मी ती उतरवून घरच्या खिडक्यांच्या ग्रिलला आणलेला काळा रंग रिंगेला दिला. गंज आत शिरू नये म्हणून आट्यांतसुद्धा बारीक ब्रशनं दिला. उन्हात वाळवली, जागेवर बसवली, खाली हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि मुलांना बोलावून दाखवलं, बघा कसा नव्यासारखा झालाय. त्यानंतर दिवाळी आली, टेलर आला आणि मला भांडायला माणूस मिळाला.

चाकूनं आट्यांतला रंग खरवडायला मला दहा मिनिटं लागली. पॉलिश पेपर मारला, रिंग घट्ट बसवली. हेडफोनमध्ये आता इतकी शांतता होती की चाचीच्या बांगड्या हलल्या तरी कळत होतं. तेरा दिवस या शांततेसाठी घालवले होते आणि मला तिच्यावर थुंकावंसं वाटलं. दहा मिनिटांचं काम!

"झालं का रे?" सरांनी विचारलं. विचारलं म्हणजे ओठ हलले आणि थोडी हवा आली.

चाची मशीनच्या आवाजाकडं तोंड करून उभी होती. "इने बोले, सब चिठ्ठियां पढ़के हो गयीं," ती म्हणाली. "मेरेकू सुनाव ना बेटा. वो घाट में बस अटकी थी, वो वाली लगाव."

सरांनी घरी जाऊन तिला रोज सांगितलं होतं की आज एवढ्या झाल्या, आज एवढ्या. खोटं नव्हतंच ते. ते वाचतच होते. मी सांगितलं. आधी अडखळलो, मग सगळं सांगितलं. टेपवर तीनच उरल्यात. बाकीच्या मी पुसल्या, कारण त्यात भुणभुण होती. घाटातली बस पाच वेळा वाचून झाली होती आणि पाचही वेळा मी ती पुसली.

मग आयुष्यात माझ्यावर कोणी चढवला नसेल असा आवाज तिनं चढवला.

"भुनभुन? अरे, मेरे घर में पंखा बजता, मच्छरां बजते, सामने टेम्पो खड़े रहके बजते. उसमेंच सुनती मैं इनकू, चालीस साल से. तेरेकू किसने बोला था साफ करने?"

सरांनी तिच्या दंडावर हात ठेवला. तिनं तो झटकला. त्यांच्यावरही ती तेवढीच चिडली होती, आणि बरोबरच होतं ते. डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितला होता आणि या माणसानं तो माझ्यासारख्याच्या हट्टापायी उधळला होता. एका विद्यार्थ्याला नाही म्हणायचं त्यांना जमलं नव्हतं.

सरांनी खूण केली, टेप लाव. मी लावली. त्यांनी घाटातल्या बसची चिठ्ठी काढली आणि माइकसमोर बसून शेवटपर्यंत वाचली. ओठ हलत होते, मान हलत होती, एका जागी ते हसलेसुद्धा. आवाज आला नाही. मी थांबवलं नाही. कोणत्या तोंडानं थांबवणार होतो?

खालच्या टेलरची त्या संध्याकाळी मी माफी मागितली. तो कापड बेतत राहिला. लग्नसराईतली त्याची चार गिऱ्हाइकं तोवर दुसरीकडं गेली होती.

ऑपरेशन झालं. दीड महिन्यानंतर कॅसेटवर उतरवलेलं सगळं घेऊन मी छावणीत गेलो. सर दारात आले. गळ्याला पांढरी पट्टी, खिशाला अडकवलेली छोटी वही. मला बघून त्यांनी पाठीवर थोपटलं, त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. आत चाची पलंगावर बसली होती. ती बोलायची तर सर तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढून उत्तर द्यायचे. एका चहाला किती साखर हे सांगायला त्यांना एवढा वेळ लागला की माझ्याच्यानं बघवेना.

टेपरेकॉर्डरमध्ये मी कॅसेट घातली. तीन चिठ्ठ्या तिनं ऐकल्या. वर पंखा कुरकुरत होता, खिडकीतून डास येत होते, टेपवर सरांचा आवाज होता आणि त्याच्या मागं ती बारीक भुणभुण. तिचं तिकडं लक्षही नव्हतं. सरांच्या आधीच ती पुढची वाक्यं पुटपुटत होती. एके ठिकाणी तिनं ओढणी तोंडाला लावली.

मग चौथी सुरू झाली. खुर्ची करकरली. कागद उघडल्याचा आवाज आला, अगदी स्वच्छ, बोटं कागदावरून सरकली तेसुद्धा. श्वास आला. मग कितीतरी वेळ नुसताच श्वास आणि कागद.

"ये कौनसी है जी?" तिनं सरांकडं तोंड करून विचारलं.

सर तिचा हात धरून तळहातावर लिहू लागले. दोन अक्षरांनंतर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी गठ्ठ्यातून ती चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढं धरली, वाच अशी मान हलवली. मी ती घेतली. वर कन्नडचा पत्ता होता, शाईचा रंग उडालेला. मी घसा साफ केला.

चाचीनं हात पुढं केला, हवेतच.

"नक्को," ती म्हणाली. "तू नक्को पढ़, बेटा."

मी चिठ्ठी होती तशी घडी करून सरांच्या हातात दिली. कॅसेट फिरतच होती, आणि तिच्यावर भुणभुणीचा मागमूस नव्हता.